प्रत माहितीस्तव

श्रीरंगराव निमजे यांनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्या काळात नऊ निवडणुका केल्या. ‘केल्या’ हा त्यांचाच शब्द. निवडणूक लढवणारे वेगळे, मत देणारे वेगळे आणि ती करणारे वेगळे, असं ते म्हणत. करणारे म्हणजे शाळामास्तर, तलाठी आणि त्यांच्यासारखे लिपिक. नऊपैकी सहा निवडणुका त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात केल्या होत्या. तिथे मतदान दुपारी तीनलाच संपवतात, कारण अंधाराच्या आत जंगलातून बाहेर पडायचं असतं.

मुलगा परीक्षित अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याने आईवडिलांची ग्रीन कार्डं केली. चौसष्टाव्या वर्षी श्रीरंगराव टेक्सासमधल्या अर्विंगला आले. सहा महिने घरी बसले. सातव्या महिन्यात सरलाबाईंनीच मुलाला सांगितलं, “यांना कुठेतरी चिकटव बापा. दिवसभर फ्रिजवरचे कागद सरळ करत बसतात.”

ते चिकटले विमानतळाजवळच्या एका मोठ्या किचनमध्ये. तिथून विमानांना जेवण जातं. जेवणाच्या ट्रॉल्या भरल्या की प्रत्येकीच्या दाराला प्लॅस्टिकचं नंबर असलेलं सील लागतं आणि तो नंबर तक्त्यात लिहावा लागतो. विमानात पोचेपर्यंत सील तुटलं किंवा नंबर जुळला नाही, तर ट्रॉली परत. हे काम करायला माणसं कंटाळत. श्रीरंगरावांना मात्र पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं. मतदानयंत्रांची सीलं लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. जेवणाच्या सुट्टीत ते सहकाऱ्यांना सांगू लागले की एटापल्ली तालुक्यात त्यांची तुकडी यंत्रं खांद्यावर घेऊन अकरा किलोमीटर कशी चालली, पहाटे शाळेबाहेर गोळ्यांचे आवाज येत असताना ते टेबलाखाली चाळीस मिनिटं कसे पडून होते, आणि तरीही बरोबर सातला पहिलं मत कसं पडलं. ऐकणारे मेक्सिकन, नेपाळी, इथिओपियन. सगळे त्यांना ‘इलेक्शन अंकल’ म्हणू लागले. थोडी थट्टा होती त्यात, पण ते मनाला लावून घेत नसत.

हे सगळं खरोखर लक्ष देऊन ऐकणारी एकच होती, सुई पार. पस्तिशीची, ठेंगणी, कामाला वाघीण. ती ब्रह्मदेशातली, मिझोरामला लागून असलेल्या डोंगरांतल्या चिन लोकांपैकी. अर्विंगच्या उत्तरेला लुइसव्हिलमध्ये तिच्या लोकांची मोठी वस्ती आहे. आई आणि धाकटा भाऊ लियान मात्र तिकडेच राहिले होते. लियान डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात सरकारी शाळेत शिक्षक होता. लष्कराने सत्ता घेतल्यापासून त्या देशात यादवी चालली होती. आता लष्करी सरकारने डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपासून पार्लमेंटची निवडणूक घ्यायचं ठरवलं होतं. जिथे जमेल तिथे.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी सुई पार डबा घेऊन त्यांच्यासमोर बसली. दोघांचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले, पण आता ते एकमेकांना पुरेपूर समजत.

“अंकल, इलेक्शनच्या ड्यूटीची ऑर्डर आली आणि जायचं नसलं, तर तुमच्याकडे काय करतात?”

“जायचं नसलं असं नसतंच. ऑर्डर आली की जायचं.”

“गेला तर डोंगरातली आमचीच पोरं त्याला शत्रू म्हणणार. बंदूकवाली पोरं. नाही गेला तर सरकार जेलमध्ये टाकणार.”

श्रीरंगरावांनी चमचा खाली ठेवला. “कोण? तुझा भाऊ?”

“लियान. हेडमास्तर म्हणालेत, तू बोलू नको, लिहू नको. ते ऑफिसात कुणाशी तरी बोलून हळूच नाव काढून घेतो म्हणतात.”

हे ऐकून श्रीरंगरावांच्या अंगावर काटा आला. भीतीने नव्हे, पद्धतीच्या विचाराने. “तोंडी? तोंडी काय असतं? उद्या तोच हेडमास्तर म्हणेल, मी कुणाशी बोललोच नाही. मग तुझा भाऊ काय दाखवणार? हे बघ, सरकारात दोनच गोष्टी. लेखी द्या, पोच घ्या.”

सुई पार त्यांच्याकडे बघत राहिली. नऊ निवडणुका करून जिवंत परतलेला माणूस तिला दुसरा कुठे मिळणार होता?

“तुम्ही लिहाल?”

त्या रविवारी श्रीरंगरावांनी जेवणाच्या टेबलावर इंग्रजीत मसुदा केला. सरलाबाई समोर मेथी निवडत होत्या.

“काहून दुसऱ्याच्या भानगडीत पडता? त्या देशाचा कायदा माहीत आहे का तुम्हाले?”

“कायदा वेगळा असेल. अर्ज सगळीकडे सारखाच असतो. विषय, संदर्भ, कारणं, विनंती.”

कारणं तीन लिहिली. एक, वृद्ध आई आजारी असून तिची देखभाल करणारं दुसरं कोणी नाही. दोन, अर्जदाराला स्वतःला रक्तदाबाचा त्रास आहे. तीन, प्रवासाचं अंतर. लियानच्या आईला दमा होता, तेव्हा पहिलं कारण खरं होतं. दुसरं सवयीने आलं. नागपूरला ते प्रत्येक अर्जात असे. आणि शेवटी, सहीच्या खाली डाव्या कोपऱ्यात, त्यांनी ती ओळ घातली जी त्यांनी आयुष्यात कधी चुकवली नव्हती: प्रत माहितीस्तव सविनय सादर, जिल्हा शिक्षण कार्यालय.

या ओळीवर त्यांचा फार जीव होता. खालचा साहेब अर्ज दाबून बसला, तर वरचा विचारतो. त्यांची स्वतःची गडचिरोलीहून नागपूरला बदली याच एका ओळीने झाली होती. सुई पारने मसुद्याचा फोटो भावाला पाठवला, भावाने तो आपल्या भाषेत उतरवला, आणि चौथ्या दिवशी पोच आली. निळा गोल शिक्का, तारीख, कुणाची तरी लफ्फेदार सही. श्रीरंगरावांनी तो फोटो घरी सगळ्यांना दाखवला.

परीक्षितने तोंडातला घास थांबवला. “बाबा, हे तुम्ही लिहून पाठवलं? तुमच्या फोनवरून?”

“तिच्या फोनवरून गेलं.”

“बाबा, यार, आपण इथे कसे राहतोय, सध्या काय वातावरण आहे... दुसऱ्या देशाच्या इलेक्शनमध्ये कशाला?”

“इलेक्शनमध्ये नाही. एका मास्तरच्या सुट्टीच्या अर्जात,” श्रीरंगराव म्हणाले आणि शिक्का बोटांनी मोठा करून पुन्हा बघू लागले.

नऊ दिवसांनी सुई पार सीलच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. “अंकल, लियानच्या अर्जासारखे आणखी सहा जणांनी दिले.”

आधी श्रीरंगरावांना बरंच वाटलं. खात्यातही असंच होई. कोणाला प्रवासभत्ता अडला, कोणाची वेतनवाढ अडली, की ‘निमजेंचा मसुदा’ टेबलाटेबलावरून फिरत असे.

“सगळं सेम,” ती म्हणाली. “तीन कारणं सेम. आई सेम, ब्लडप्रेशर सेम. खालची लाइन पण सेम. सातही कॉप्या वर गेल्या.”

तिने पुढचं सांगितलं तेव्हा तिचे हात ट्रे लावतच होते. हेडमास्तरांनी लियानचं नाव खरंच काढून घेतलं होतं. ऑफिसातला एक माणूस त्यांचा जुना विद्यार्थी; यादी पुन्हा टाइप करताना एक ओळ गळाली, इतकंच. कुणाला कळलं नसतं. पण वरच्या कार्यालयात एका आठवड्यात एकाच शब्दांचे सात कागद पोचले, आणि त्यांनी विचारलं की हे सात जण कोण, सातांच्याही आया एकदम कशा आजारी पडल्या, आणि हे लिहून देणारा कोण? तिथे या निवडणुकीत अडथळा आणणं हा मोठा गुन्हा. सातही शिक्षकांना बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं.

“मग?” श्रीरंगरावांनी विचारलं.

“लियान म्हणाला, इंटरनेटवर मिळालं. सातांना ड्यूटी दिली. एकत्र नाही, वेगवेगळी. लांबलांबची गावं. आला नाहीत तर केस, म्हणाले.” तिने पुढचा ट्रे ओढला. “हेडमास्तर लियानला म्हणाले, तुझं नाव मी पेन्सिलीने लिहिलेलं पुसलं होतं. तू येऊन शाईने लिहिलंस.”

पट्ट्यावरून ट्रॉल्या येत होत्या. श्रीरंगरावांनी एकीला सील लावलं, दुसरीला लावलं, आणि मग त्यांच्या तोंडून निघालं, “मी लिहून देतो. त्यांच्या ऑफिसला. मसुदा माझा आहे, मी भारतीय आहे, या लोकांचा काही संबंध—”

“नो पेपर, अंकल.” ती ओरडली नाही. उलट आवाज खालीच आला. “प्लीज. नो मोअर पेपर.”

त्या दिवसापासून निवडणुकीला अठरा दिवस होते. श्रीरंगरावांना ते कसे गेले हे विचारलं तर ते फक्त एवढंच सांगतात की पाय एका जागी ठरत नसत. कामावरून आले की अपार्टमेंटच्या आवाराला फेऱ्या मारायचे. एक फेरी सातशे दहा पावलांची. सरलाबाई गॅलरीतून हाका मारायच्या, “अहो, बसा ना एका ठिकाणी! शेजारची बाई मले विचारते, युवर हसबंड लॉस्ट समथिंग?”

डोक्यात हिशेब एकच. सात माणसं, सात गावं. एटापल्लीची गोष्ट त्यांना आता वेगळी दिसू लागली. त्यांच्यासोबत अठरा पोलीस होते. यंत्रं न्यायला एकदा हेलिकॉप्टर आलं होतं. काही झालंच असतं तर सरलाला मिळायची रक्कम आदेशात छापलेली होती. परतल्यावर तहसीलदाराने चहा दिला होता. इतकी वर्षं ते समजत होते की आपण धीट आहोत. लियानच्या बाजूला यातलं काय होतं? आणि आणखी एक गोष्ट त्यांना टोचत होती: एटापल्लीत त्यांनी अर्ज दिला असता, तर तो वाचणाऱ्याने फार तर फेटाळला असता. वाचणाराच आपल्याला शोधत येईल, ही शक्यता त्यांच्या एकतीस वर्षांत कुठल्या फायलीत आलीच नव्हती.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी दोन ट्रॉल्यांचे नंबर उलटसुलट लिहिले. विमान दारात उभं असताना ट्रॉली परत आली. सुपरवायझर बाई म्हणाली, “यू? इलेक्शन अंकल?” आणि हसली. श्रीरंगरावांनी दोनदा सॉरी म्हटलं. सुई पारने त्यांच्याकडे न बघता तक्ता पुढे ओढला आणि त्या दिवशीचे उरलेले नंबर स्वतः वाचून दाखवले, एक एक, मोठ्याने. ती त्यांच्याशी बोलणं सोडू शकली असती. सोडलं नाही. दर दुपारी डबा उघडताना सांगे: आज लियानला ट्रेनिंगला नेलं. आज गाव कळलं, नदीपलीकडचं. आज आईने त्याच्या कोटाच्या आत कापड शिवलं, देवाचं वचन लिहिलेलं. आज नेट बंद.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला तिकडे रविवारचे सहा वाजतात. मतदान सुरू व्हायची वेळ. श्रीरंगराव सोफ्यावर फोन मांडीवर घेऊन बसले. साडेसात झाले, नऊ झाले. परीक्षित येऊन शेजारी बसला. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही मुद्दाम नाही केलंत.”

“मुद्दाम केलं असतं तर विचार तरी केला असता,” श्रीरंगराव म्हणाले.

रविवारी सकाळी नवाच्या सुमारास सुई पारचा फोन आला. ती घाईने, एका दमात बोलत होती. “आला! लियान आला, घरी आहे, आईकडे. नदीच्या पुलावर फायरिंग झालं, पण त्याआधी त्याची गाडी निघाली होती. जेवतोय आत्ता.”

श्रीरंगराव उठून उभे राहिले. त्यांनी जे विचारलं ते स्वतःच्याच कानांना ऐकू आलं तेव्हा फोन खाली ठेवून द्यावासा वाटला.

“मतदान किती टक्के झालं?”

मग सुई पार म्हणाली, “अंकल. सात गेले. सहा आले.”

“सातवा कोण?”

“थांग. गणित शिकवतो. सगळ्यांत लांबचं गाव त्यालाच दिलं होतं. फोन लागत नाही त्याचा.” मग म्हणाली, “त्याची मावशी इथेच आहे, आमच्या चर्चमध्ये. आज दुपारी सगळे प्रार्थनेला येणार.”

“मी येऊ का?” श्रीरंगरावांनी विचारलं. का विचारलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सुई पारला न्यायला येण्याइतका वेळ नव्हता. परीक्षितनेच गाडी काढली. वाटेत त्याने एकदा विचारलं, “तिथे जाऊन काय सांगणार?” श्रीरंगराव म्हणाले, “अजून मसुदा नाही केला,” आणि खिडकीबाहेर बघत राहिले. परीक्षित हसला नाही.

चर्च म्हणजे एका जुन्या दुकानाची भाड्याने घेतलेली जागा. आत दोनशे माणसं, बाकं नाहीत, घडीच्या खुर्च्या. प्रार्थना त्यांच्या भाषेत चालली होती. एक म्हातारा पुढे उभा राहून नावं वाचत होता, आणि प्रत्येक नावानंतर सगळे मिळून काहीतरी म्हणत होते. श्रीरंगराव मागच्या ओळीत बसले. सात नावं त्यांनी मोजली. लियानचं तेवढं ओळखू आलं. बाकीची सहा ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या शब्दांखाली सह्या केलेली ही माणसं आतापर्यंत त्यांच्यासाठी नुसता आकडा होती.

प्रार्थना संपल्यावर भाताचे आणि मक्याच्या सूपचे वाफाळते टोप आले. सुई पार त्यांना भिंतीजवळ बसलेल्या थांगच्या मावशीकडे घेऊन गेली. साठीची, जाड स्वेटर, मांडीवर फोन. तिला इंग्रजी येत नव्हतं. सुई पार तिच्या कानाशी वाकून काही सांगू लागली, तेवढ्यात श्रीरंगरावांनी तिला थांबवलं.

“मी सांगतो. तू फक्त तिच्या भाषेत सांग. जसंच्या तसं.” ते खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसले. “थांगने जो अर्ज दिला, तो त्याचा नव्हता. लियानचाही नव्हता. मी लिहिला होता. वर प्रत पाठवायची ओळही माझीच.”

बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. सुई पारने तो लगेच सांगितला नाही.

“काय म्हणतात?”

“विचारतात, त्यात काय लिहिलं होतं.”

“तीन कारणं. प्रवास लांबचा. रक्तदाब. आणि आई आजारी आहे, तिच्याकडे बघायला कोणी नाही.”

सुई पारने सांगितलं. बाई शेवटच्या कारणापाशी मान वर करून श्रीरंगरावांकडे बघू लागल्या. मग हळू आवाजात दोन वाक्यं बोलल्या.

“त्याची आई मागच्या वर्षी वारली,” सुई पार म्हणाली. “यांची धाकटी बहीण. त्या ऑफिसातले लोक तिच्या मातीला आले होते.”

म्हणजे बाकीच्यांचं खरंखोटं कुणाला कळलं नसतं, तरी एकाचं खोटं कागदावर, शिक्क्यासकट, कुणालाही तपासता येण्यासारखं होतं. त्याला सगळ्यांत लांबचं गाव का मिळालं, हे कुणी सांगायची गरज उरली नाही. श्रीरंगरावांना सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक मुलगा दिसला, घाईघाईत मित्राचा अर्ज उतरवून घेणारा. आईच्या ओळीपाशी त्याचा हात थांबला असेल का? थांबला असेल, आणि मग त्याला वाटलं असेल की मूळ मसुद्यात आहे, म्हणजे लागत असेल.

“मला माफ करा,” असं म्हणायला ते तोंड उघडणार होते. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. आसपासची माणसं गोळा झाली. बाईंनी फोन कानाला घट्ट धरला, दोनदा ‘हो’सारखं काही म्हणाल्या, मग फोन सुई पारच्या हातात दिला. सुई पार ऐकत होती आणि तुकड्यातुकड्याने सांगत होती. थांगच्या शाळेतल्या शिपायाचा फोन होता. थांगची तुकडी अजून त्या गावातच आहे. पूल बंद आहे, गाडी निघू शकली नाही. रात्री शाळेतच थांबलेत. सकाळी पायी उतरणार. दोन्हीकडची माणसं रस्त्यावर आहेत.

“जिवंत आहे?” श्रीरंगरावांनी विचारलं.

“तासाभरापूर्वी होता.”

तिकडची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. घड्याळात तीनही वाजले नव्हते. परीक्षित दाराजवळ गाडीची किल्ली हातात धरून उभा होता. श्रीरंगराव उठू लागले, तशी त्या बाईंनी त्यांच्या बाहीला धरलं आणि सुई पारकडे बघून काहीतरी म्हणाल्या.

“त्या म्हणतात, तुम्ही लिहिलंत ना? मग इथे बसा. तो खाली उतरेपर्यंत.”

रागाने म्हणाल्या की आणखी कशाने, ते श्रीरंगरावांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. खुर्ची वळवून ते बाईंच्या शेजारी बसले, भिंतीला पाठ लावून. कुणीतरी त्यांच्या हातात सूपचा वाडगा दिला. बाईंनी फोन दोघांच्या मधल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, दोघांना दिसेल असा.

श्रीरंगरावांनी खिशातून स्वतःचा फोन काढून घरी लावला.

“सरला, जेवायला थांबू नकोस,” ते म्हणाले. “नाही, अजून नाही. चालत यायचा आहे तो.”